विद्येचें मोल आणि सेवेचा करार

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखास सैन्यांतली चाकरी अपरिचित नाहीं. उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव याच भागांत आहे. महाड तालुक्यांतील एका आंबवड्यास तर घरोघरच्या शिपाईगिरीमुळें ‘फौजी आंबवडे’ असेंच लोक म्हणतात. या चाकरीनें कोंकणच्या माणसास पगार आणि पेन्शन दिलें, त्याचप्रमाणें विद्याही दिली. महाडजवळ जन्मलेले गोपाळ बाबा वलंगकर हे पलटणींतून १८८६ सालीं निवृत्त झाले आणि त्यांनीं हातीं लेखणी घेतली. मंडणगडाकडील आंबडव्याचे रामजी सुभेदार हे लष्करी शाळेंत शिक्षक होते. त्यांच्या चिरंजीवांची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्या साऱ्या जगास ठाऊक आहे.

सैन्याच्या आधारानें आजच्या मुलामुलींस महाविद्यालयीन शिक्षण कसें घेतां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. भात आणि नाचणी यांवर चालणाऱ्या घरांत बारावीचा निकाल लागला म्हणजे आनंदाच्या पाठोपाठ चिंताही येते. फी भरावयाची, पुण्या-मुंबईस राहण्याजेवण्याची सोय करावयाची. मग कर्ज काढावें, जनावर विकावें, कीं मुलास कामास लावावें, असे प्रश्न उभे राहतात. अशा वेळीं कोणी सांगतो, “सैन्यांत सगळें फुकट आहे.” हें वाक्य अर्धें खरें आहे. पैसा लागत नाहीं हें खरें. मोल लागत नाहीं हें खरें नव्हे. तें मोल वर्षांच्या रूपानें द्यावयाचें असतें, आणि तें ठरविणाऱ्या कागदावर आपली सही असते.

अशा कराराचें थोर उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. १९१३ सालीं बडोदें संस्थानानें डॉ. आंबेडकरांस अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति दिली. तिच्या मोबदल्यांत शिक्षण पुरें झाल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. त्याप्रमाणें १९१७ सालीं ते बडोद्यास रुजूही झाले. परंतु अस्पृश्यतेपायीं त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि त्यांस तें शहर सोडावें लागलें. या हकीकतींत दोन गोष्टी दिसतात. सेवेच्या बोलीवर मिळालेला पैसा माणसास केवढ्या उंचीवर नेऊं शकतो, ही एक. आणि कराराचे दिवस कसे जातील, हें सही करतांना कोणासच पुरतें दिसत नसतें, ही दुसरी.

अमेरिकेंत १९१६ च्या कायद्यानें विद्यापीठांतून राखीव अधिकारी तयार करण्याची पद्धति सुरू झाली, व १९६४ च्या कायद्यानें तिला शिष्यवृत्त्यांची भरीव जोड मिळाली. तेथें विद्यार्थी सामान्य महाविद्यालयांतच शिकतो, त्याची फी सरकार भरतें, आणि पदवीनंतर तो एकंदर आठ वर्षांच्या सेवेस बांधला जातो. त्यांतील कांहीं वर्षें प्रत्यक्ष सैन्यांत आणि उरलेलीं राखीव दलांत जातात. आपल्याकडेही १९२० च्या कायद्यान्वयें विद्यापीठांतून लष्करी शिक्षणाचीं पथकें निघालीं, आणि १९४८ सालीं त्यांच्या जागीं राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपण जिला एन.सी.सी. म्हणतों ती आली. परंतु येथें एक मोठा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. आपली छात्रसेना विद्यार्थ्याची महाविद्यालयाची फी भरीत नाहीं, आणि पुढें त्यास सैन्यांत जाण्यास बांधूनही घेत नाहीं. जो मुलगा केवळ खाकी गणवेश चढविल्यानें आपली फी माफ होईल असें समजतो, त्याची निराशा होते.

मग आपल्याकडे वाटा कोणत्या? त्या क्रमानें सांगतों.

पहिली वाट पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. तिची प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. उमेदवाराचें वय सुमारें साडेसोळा ते साडेएकोणीस असावें लागतें व तो अविवाहित असावा लागतो. बारावीच्या वर्गांत असतांनाच अर्ज करतां येतो. भूदलासाठीं कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दल यांस पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे विषय हवेत. लेखी परीक्षेंत गणितास ३०० आणि सामान्य क्षमतेस ६०० गुण असतात, आणि त्यानंतर निवड मंडळापुढील मुलाखतीस व कसोट्यांस ९०० गुण असतात. म्हणजे अर्धे गुण हे माणूस कसा बोलतो, कसा वागतो आणि चौघांत कसा वावरतो यास आहेत. निवड झालेला छात्र तीन वर्षें तेथें राहतो व जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो. राहणें, जेवण, पुस्तकें, गणवेश व औषधोपचार हा सारा खर्च सरकारचा. पालकांकडे राहतो तो हातखर्च. आयोगाच्या अलीकडच्या जाहिरातींत तो सहसा दरमहा ३,००० रुपयांवर जात नाहीं असें म्हटलें आहे. तोही झेपत नसेल आणि पालकांचें मासिक उत्पन्न २१,००० रुपयांहून कमी असेल, तर दरमहा १,००० रुपयांचें साहाय्य मागतां येतें. त्यासाठीं अंतिम निवड होतांच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावयाचा असतो. ही ओळ पुष्कळांच्या वाचनांतच येत नाहीं. मुलींसाठीं हें दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडलें. २०२२ सालीं आंत गेलेल्या पहिल्या तुकडींतील १७ मुली मे २०२५ मध्यें तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

दुसरी वाट अभियांत्रिकीची. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांत मिळून ६० टक्के गुण मिळविलेल्या व जे.ई.ई. मेन्स परीक्षा दिलेल्या मुलांस भूदलाच्या तांत्रिक प्रवेश योजनेंतून अभियांत्रिकीची पदवी आणि अधिकारपद दोन्ही मिळतात. तिसरी वाट वैद्यकाची. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालीं स्थापन झालें. नीट परीक्षेच्या गुणांवर व पुढील निवडीवर मुलगे व मुली दोघांसही तेथें प्रवेश मिळतो. सैनिकी परिचर्या सेवेचा चार वर्षांचा नर्सिंगचा पदवीक्रम मुलींसाठीं आहे. तो पुण्यास आणि मुंबईच्या नौदल रुग्णालयांतही चालतो. चौथी वाट ज्यांनीं साध्या महाविद्यालयांतून पदवी घेतली त्यांची. छात्रसेनेचें ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणींत आणि पदवीस ५० टक्के गुण असल्यास लेखी परीक्षेवांचून निवड मंडळापुढें जातां येतें. निवड झाल्यास चेन्नईच्या प्रबोधिनींत ४९ आठवड्यांचें शिक्षण असतें, आणि त्या काळांत दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतें. तेव्हां छात्रसेना फी देत नसली तरी तीन वर्षांच्या कवाइतीचें चीज होतें तें असें.

अग्निपथ योजना या सर्वांहून निराळी आहे. २०२२ पासून तींत चार वर्षांची शिपाईगिरी आहे. ती नोकरी होय; महाविद्यालयाची शिष्यवृत्ति नव्हे. आधीं कमवावें आणि मग शिकावें असा ज्याचा विचार असेल त्यानें ती घ्यावी. परंतु अधिकारी होण्याची पात्रता अंगीं असतां केवळ माहितीच्या अभावीं मुलानें तिकडे वळणें हें माझ्या मतें नुकसानीचें होय. आपल्या मुलखानें शिपाई पुष्कळ दिले, अधिकारीही द्यावेत.

आतां कराराकडे वळूं. या वाटांवर प्रवेश घेतांना पालकांस व विद्यार्थ्यास बंधपत्र लिहून द्यावें लागतें. प्रबोधिनींतून स्वेच्छेनें बाहेर पडल्यास, किंवा शेवटीं अधिकारपद नाकारल्यास, तोंवरच्या प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयांतून सेवा न पत्करतां निघून जावयाचें तर भरावयाची रक्कम लाखांच्या घरांतली असते. ती शेतकऱ्याच्या कुटुंबास सात जन्मांत पेलावयाची नाहीं. म्हणून सही करण्यापूर्वीं बापानें मुलास तीन प्रश्न विचारावेत. हें तुला हवें आहे, कीं मला हवें आहे? घरापासून दूर, बदलीच्या गांवीं आणि प्रसंगीं सीमेवर वर्षानुवर्षें राहण्याची तुझी तयारी आहे काय? आणि शस्त्र हातीं घ्यावयाचें म्हणजे काय, याचा तूं विचार केला आहेस काय? फी वांचते एवढ्याच कारणानें जो जातो, तो पहिल्या सहा महिन्यांत खचतो, आणि मग माघारीचा खर्च घरावर येतो.

आणखी एक जोखीम स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रशिक्षण कठोर असतें आणि कधीं कधीं छात्र जायबंदी होतो. अशा रीतीनें बाहेर पडावें लागलेल्या छात्रांस माजी सैनिकाचा दर्जा नसल्यामुळें त्यांचे फार हाल होत. सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली, आणि माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचा लाभ त्यांस देण्यांत आला. भय घालण्यासाठीं हें सांगत नाहीं. ज्या व्यवहारांत आपलें पोर द्यावयाचें, त्याच्या दोन्ही बाजू पालकांस ठाऊक असाव्यात, इतक्यासाठींच सांगतों.

तयारी केव्हां करावी? बारावीचा निकाल हातीं आल्यावर ती करूं म्हटलें तर पुष्कळदां वेळ निघून गेलेली असते. साताऱ्याची सैनिकी शाळा ही देशांतील पहिली सैनिक शाळा, १९६१ सालची. तींत सहावीस आणि नववीस प्रवेश मिळतो. म्हणजे विचार पांचवींत व आठवींत झाला पाहिजे. दहावीनंतरच्या मुलांसाठीं छत्रपती संभाजीनगर येथें राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठीं तशीच संस्था नाशिक येथें २०२३ सालीं निघाली. तेथें अकरावी-बारावी करीत असतांनाच प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतात. या परीक्षेचे प्रश्न इंग्रजींत व हिंदींत असतात, मराठींत नसतात. तेव्हां मराठी शाळेंतल्या मुलानें आठवीपासूनच गणिताच्या इंग्रजी संज्ञा आणि रोजचें इंग्रजी वाचन यांची संवय करावी. गड चढणाऱ्या पायांस धांवणें शिकवावें लागत नाहीं. चारचौघांत न अडखळतां बोलणें मात्र शिकवावें लागतें.

ज्या घरांत माजी सैनिक आहे त्या घरास आणखी एक साहाय्य आहे, आणि त्यास सेवेचें बंधन नाहीं. पंतप्रधान शिष्यवृत्ति योजनेंतून अधिकारीपदाखालील माजी सैनिकांच्या मुलांस व विधवांस पहिल्या व्यावसायिक पदवीसाठीं साहाय्य मिळतें. २०१९-२० पासून मुलींस दरमहा ३,००० व मुलांस २,५०० रुपये असा तिचा दर ठरला. पात्रतेच्या परीक्षेंत किमान ६० टक्के गुण लागतात. याची चौकशी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करावी. पेन्शनीचें पुस्तक पेटींत आहे आणि मुलगा फीपायीं घरीं बसला आहे, असें कोणत्याही घरीं होऊं नये.

शेवटीं कागदपत्रांविषयीं. २२ जुलै २०२१ रोजीं आमच्या तळीयें गांवावर दरड कोसळली, त्या दुःखाचें वर्णन मी येथें करीत नाहीं. परंतु डोंगराच्या कुशींत राहणाऱ्यानें इतकें जाणावें कीं घराबरोबर पेटीही जाते. जन्माचा दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि सैनिकाचें सेवामुक्ति-पत्र यांच्या प्रती एकाच घरांत ठेवूं नयेत. एक प्रत नातलगाकडे ठेवावी, आणि गुणपत्रिका सरकारच्या डिजिलॉकरमध्यें उतरवून घ्यावी. अर्जाच्या मुदतीस कोणाचेंही दुःख ठाऊक नसतें.

श्रोतेहो, सारांश इतकाच. सैन्याच्या मार्गानें विद्या मिळते, ती भीक म्हणून मिळत नाहीं, आणि फुकटही मिळत नाहीं. तो दोन पक्षांचा करार आहे. तो समजून, वेळेवर आणि मुलाच्या खुषीनें करावा. असा करार करणाऱ्या मुलामुलींस कोणापुढेंही मान खालीं घालावी लागणार नाहीं, कारण त्यांच्या पदवीचें मोल त्यांनीं स्वतःच चुकतें केलेलें असेल.