सोंगाला गाव असते

देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी भाषेत गेले ते भलताच अर्थ घेऊन. मायदेशी परतणारे गोरे सोल्जर इथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत ताटकळत राहत आणि त्यातून ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द रूढ झाला. आज तो सहज वापरणाऱ्याला भगूरशेजारचे हे ठाणे ठाऊक असेलच असे नाही. गावापासून तुटलेले नाव असे कुठेही भरकटते. लोकनाट्यांच्या बाबतीत हाच धोका किती खरा आहे, ते चीनमधल्या एका जुन्या लष्करी वसाहतीकडे पाहिले की कळते. 1381 मध्ये मिंग सम्राटाने युन्नानवर फौज धाडली. त्यातले अनेक सैनिक ग्वेइचौ प्रांतात आनशुनच्या परिसरात कायमचे वसले. त्यांच्या वंशजांचे नाटक म्हणजे ‘दीशी’, अर्थात जमिनीवरचे नाटक. त्याला रंगमंच नाही. चढावर उभ्या प्रेक्षकांना वरून दिसावा म्हणून लाकडी मुखवटा कपाळावर बांधतात, चेहरा काळ्या कापडाने झाकतात. साथीला एक ढोल आणि एक काशाची थाळी. कथा बहुतेक लढायांच्याच. दिग्दर्शक झांग यीमोव यांच्या 2005 च्या चित्रपटात आनशुनचेच कलावंत हे नाटक करतात, पण तिथे ते युन्नानचे म्हणून दाखवले आहे. आनशुनच्या सांस्कृतिक खात्याने दावा लावला. तो 2011 मध्ये फेटाळला गेला.

आपल्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातल्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे नाव कोर्टाची पायरी न चढताच पुसले जाते. चैत्र-वैशाखात, संबळ-पिपाणीच्या सुरावर, गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे रात्रभर एकामागून एक नाचत येतात. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. शहरी कार्यक्रमपत्रिकेत मात्र हे सगळे ‘आदिवासी नृत्य’ या दोन शब्दांत उरकते. माझे म्हणणे इतकेच की बोहाडा हे नाट्य आहे आणि त्याची नोंद गावनिहाय व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की दीशीला लिखित संहिता आहे. बोहाड्यात संवाद फारसे नाहीत, म्हणून तो विधीच. फरक खरा आहे, निष्कर्ष नाही. दीशीही मुखवट्यांची पूजा करूनच सुरू होते, तरी तिच्या नावातल्या ‘शी’चा अर्थ नाटक असाच आहे. प्रवेशाचा क्रम, पात्रागणिक बदलणारी चाल, देव-दैत्यांचे युद्ध, हे सगळे नाट्याचेच व्याकरण आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाटक म्हटले की ते सभागृहात जाईल, अर्ध्या तासाचे होईल आणि मरेल. पण ‘नृत्य’ म्हणूनही ते स्टेजवर जातेच, तेही निनावी. सोंग कुणाचे, मान कुणाचा, रात्र कोणत्या गावाची, हे नोंदलेले असेल, तर निदान तोडलेला तुकडा कशाचा आहे ते सांगता येईल. सुरुवात सोपी आहे. पत्रिकेत ‘बोहाडा’ छापावे आणि त्यापुढे गावाचे नाव.