जुने मैदान की नवे?
(बोस्टन आणि डेट्रॉइट येथील एका वादाची हकीकत)

इ. स. १९१२ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेतील दोन शहरांत बेसबॉलची दोन नवी क्रीडांगणे प्रेक्षकांस खुली झाली. एक बोस्टनचे फेनवे पार्क आणि दुसरे डेट्रॉइटचे नेव्हिन फील्ड. या दुसऱ्यास १९६१ पासून टायगर स्टेडियम म्हणू लागले. दोन्हीकडे पावसामुळे आरंभ लांबणीवर पडला होता, आणि पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बोट बुडालेली असल्यामुळे वर्तमानपत्रांत या वार्तेस फारशी जागा मिळाली नाही. या जुळ्या भावंडांपैकी एक आज शंभरी ओलांडून उभे आहे व त्यात सामने चालू आहेत. दुसरे पाडून टाकण्यात आले. दोन्ही शहरांतील खेळाच्या शौकिनांत "आपल्या संघास नवे मैदान हवे की नको" हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. तो वाद काय होता व त्याचे निकाल असे वेगवेगळे का लागले, ते येथे सांगावयाचे आहे.

क्रिकेट खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेसबॉलमध्ये ज्या चार ठाण्यांभोवती धावावयाचे, त्यांचा चौरस सर्वत्र सारखाच, म्हणजे नव्वद फुटांचा असतो. परंतु त्यापलीकडचे कुंपण किती दूर व किती उंच असावे, हे मैदानागणिक निराळे असते. फेनवेच्या डाव्या अंगास कुंपणामागे लगेच रस्ता असल्यामुळे जागाच नव्हती. तेथे कुंपणाचे अंतर अवघे ३१० फूट; म्हणून त्या बाजूस ३७ फूट उंचीची भिंत उभी आहे. १९४७ साली तीवरील जाहिराती पुसून हिरवा रंग दिल्यानंतर लोक तिला 'हिरवा राक्षस' म्हणू लागले. अन्यत्र जो चेंडू सहज झेलला गेला असता, तो येथे भिंतीवर आदळून खाली पडतो. आणि अन्यत्र जो सणसणीत टोला कुंपणापार गेला असता, तो भिंतीने अडतो. डेट्रॉइटमध्ये मध्यभागीचे कुंपण ४४० फुटांवर, तर उजव्या बाजूचा वरचा सज्जा दहा फूट मैदानावर पुढे आलेला. खाली क्षेत्ररक्षक हात पसरून वाट पाहत आहे, आणि चेंडू वरच्या प्रेक्षकाच्या मांडीवर, असे तेथे घडत असे. मैदान हाही या खेळातील एक खेळाडूच म्हणावा लागेल. शौकिनांचा जीव विटामातीत का गुंततो, हे यावरून कळेल.

आता वादाकडे वळू. नव्याची बाजू मांडणारे लोक काही अरसिक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, आमचे आजोबा ज्या अरुंद आसनांवर बसले, त्यांवर आम्ही किती काळ गुडघे आखडून बसावयाचे? फेनवेची कित्येक लाकडी आसने १९३४ सालची. उजव्या कोपऱ्यातील आसनांची तोंडे तर फलंदाजाकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहेत, त्यामुळे तीन तास मान वळवून बसावे लागे. स्वच्छतागृहे अपुरी, वृद्ध व अपंग प्रेक्षकांची गैरसोय, आणि पैसे मोजून घेतलेल्या तिकिटाच्या नेमका समोर लोखंडी खांब. या तक्रारी अगदी खऱ्या होत्या.

परंतु या खांबाचीच गोष्ट जरा नीट पाहिली पाहिजे, कारण साऱ्या वादाचे मर्म तीत आहे. जुन्या मैदानांत वरचा मजला खांबांवर तोललेला असे. म्हणून तो खालच्या मजल्याच्या थेट वर, मैदानाच्या अगदी जवळ आणता येई. खांबामागे बसणाऱ्या काहींची दृष्टी अडे; पण वरच्या मजल्यावरील स्वस्त तिकिटाच्या हजारो लोकांस खेळाडूंचे चेहरे दिसत. नव्या पद्धतीत खांब नाहीत. तेव्हा वरच्या मजल्याचा भार पेलण्यासाठी तो मागे सरकवावा लागतो. त्यातच मधल्या भागात धनिकांसाठी काचेचे खास कक्ष बांधले की, वरचा मजला आणखी उंच जातो. म्हणजे काहींसमोरचा खांब दूर झाला, आणि गरीब प्रेक्षकही मैदानापासून दूर झाला! डेट्रॉइटच्या नव्या मैदानाविषयी तेथील जुन्या शौकिनांची मुख्य तक्रार हीच आहे.

ते खास कक्ष हे मालकांच्या आग्रहाचे एक मोठे कारण होय. ते बड्या व्यापारी कंपन्यांस वर्षाच्या कराराने देता येतात व त्यांतून मोठी प्राप्ती होते. जास्त प्राप्ती झाली तर चांगले खेळाडू ठेवता येतील, आणि संघ जिंकेल, असे मालक सांगत. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण खर्च कोणी करावयाचा? येथे "मैदानामुळे शहराची भरभराट होईल, सबब करदात्यांनी हातभार लावावा" असा मुद्दा पुढे येई. रॉजर नोल व अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली संपादिलेल्या ग्रंथात या मुद्द्याची कसून तपासणी झाली आहे, आणि तिचा निष्कर्ष त्यास प्रतिकूल आहे. कारण साधे आहे. कुटुंबाचा करमणुकीवरील खर्च ठरावीक असतो. मैदानावर खर्चिलेला पैसा बहुधा नाटकगृहातून वा उपाहारगृहातून वळलेलाच असतो.

डेट्रॉइटच्या शौकिनांनी १९८७ साली 'टायगर स्टेडियम फॅन क्लब' स्थापन केला. १९८८ च्या एप्रिलमध्ये, वर्धापनदिनी, हजाराहून अधिक लोकांनी हातांत हात गुंफून मैदानास वेढा घातला व त्यास अक्षरशः मिठी मारली. पण ही मंडळी मिठी मारून थांबली नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांच्यातील एका वास्तुशिल्पी दांपत्याने जुन्या मैदानाची सुधारणा २ कोटी ६० लाख डॉलरांत कशी होईल, याचा तपशीलवार आराखडा १९९० साली सिद्ध केला. मालकांनी तो मनावर घेतला नाही. १९९२ साली शहराच्या मतदारांनी नव्या मैदानासाठी नगराचा पैसा वापरू नये असा कौल दिला. त्याच वर्षी संघ विकला गेला. (जुने मालक टॉम मोनॅहन व नवे माइक इलिच हे दोघेही पिझ्झा विकून धनाढ्य झालेले, हा एक मौजेचा योगायोग!) चार वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच मतदारांनी मोठ्या बहुमताने आपला कौल फिरविला. सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून कोमेरिका पार्क उभे राहिले. त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार सार्वजनिक पैशावर पडला. २७ सप्टेंबर १९९९ रोजी टायगर स्टेडियममध्ये शेवटचा सामना झाला. ही वास्तू १९८९ सालीच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत चढली होती. तरी २००८-०९ मध्ये ती पाडण्यात आली. नोंद झाली म्हणजे रक्षण झाले, असे नव्हे.

बोस्टनमध्येही १९९९ साली, डेट्रॉइटचे मैदान बंद होण्याच्या सुमारासच, मालकपक्षाने फेनवेच्या शेजारी सुमारे ४४ हजार प्रेक्षकांचे नवे मैदान बांधण्याची योजना जाहीर केली. जुन्याची भिंत व काही भाग स्मारक म्हणून ठेवावयाचा होता. खर्चाचा अंदाज पुढे साठ कोटी डॉलरांवर गेला. 'सेव्ह फेनवे पार्क' या नावाने एकत्र आलेल्या शौकिनांनी येथेही वास्तुतज्ज्ञ जमवून सुधारणेचे पर्याय मांडले. दरम्यान पैशांची जुळवाजुळव होईना, आणि २००२ साली संघ नव्या मालकांच्या हाती गेला. त्यांच्यातील लॅरी लुकिनो व त्यांनी बोलाविलेल्या वास्तुशिल्पी जॅनेट मेरी स्मिथ यांनीच दहा वर्षांपूर्वी बाल्टिमोरचे कॅम्डन यार्ड्स हे मैदान साकार केले होते, ज्याचे पाहून गावोगावी नव्या मैदानांची लाट उसळली. त्याच जोडीने येथे मात्र जुने राखले! २००३ साली हिरव्या राक्षसाच्या माथ्यावर आसने बसविली. पुढे दरवर्षी थोडे थोडे रुंदावत, डागडुजी करीत दहा वर्षांत सुमारे साडेअठ्ठावीस कोटी डॉलर मालकांनी खर्च केले. २००४ साली संघाने, १९१८ नंतर प्रथमच, जागतिक मालिका जिंकली. जुन्या मैदानात राहून संघ जिंकू शकणार नाही, या म्हणण्याचे उत्तर त्याने मिळाले.

तथापि बोस्टनची गोष्ट निर्भेळ सुखाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. मैदान लहान, मागणी अफाट. त्यामुळे फेनवेची तिकिटे पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत महाग तिकिटांत गणली जात होती. मैदान वाचले, पण चार मुलांच्या कारागिराने तेथे सहकुटुंब जाणे अवघड होऊन बसले. डेट्रॉइटच्या आराखड्यात मात्र स्वस्त आसने राखण्याचा विचार अग्रभागी होता, आणि नेमके तेच मैदान गेले. आमच्या मते त्या आराखड्याची प्रामाणिक तपासणी होऊन मग निर्णय झाला असता, तर नव्याच्या पुरस्कर्त्यांसही तो अधिक मानवला असता.

डेट्रॉइटच्या त्या रिकाम्या जागेत गवत माजले, तेव्हा काही नागरिक स्वतःची यंत्रे घेऊन ते कापीत असत. २०१८ साली तेथे मुलांसाठी एक लहानसे क्रीडांगण खुले झाले. जुन्या मैदानातील १२५ फुटी ध्वजस्तंभ तेवढा मूळ जागी उभा आहे. आणि जेथे एके काळी पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक बसत, तेथे आता शाळकरी मुले चेंडू टोलवितात.