‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘ते’ : नात्यांतील ताण व उपरेपणा दाखविणारे आशियाई चित्रपट आणि प्रेक्षकांची भाषा

चित्रपट संपल्यावर प्रेक्षक जे बोलतो, त्याकडे आजवर मुख्यतः समीक्षकांनी व समाजशास्त्रज्ञांनी लक्ष दिलेले आहे. चित्रपट आवडला की नाही, त्यातील विचार पटला की नाही, हे त्यांचे प्रश्न. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट आढळते. पडद्यावरील माणसांविषयी बोलताना प्रेक्षक कोणते सर्वनाम वापरतो, त्यांना कोणत्या नात्याच्या नावाने संबोधितो, आणि घडलेल्या घटनेचा कर्ता वाक्यात ठेवतो की गाळतो, ह्यांवरून त्याने स्वतःला त्या कथेत कोठे उभे केले आहे हे कळून येते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, कौटुंबिक ताण व उपरेपणा हे विषय हाताळणाऱ्या काही आशियाई चित्रपटांच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करावी, व नंदुरबारसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात तिचे महत्त्व काय हे दाखवावे.

१. परकेपणाचे शब्द

बाहेरच्या माणसासाठी मराठीत एक शब्द नाही, शब्दांची एक उतरंड आहे. ‘पाहुणा’ हा बाहेरचाच, परंतु त्याचे येणे मान्य झालेले असते. अहिराणीतील ‘पावना’ ह्या शब्दातही हाच आदर आहे. ‘परका’ म्हणजे ज्याच्याशी नाते नाही तो. ‘आगंतुक’ न बोलाविता आलेला. ‘उपरा’ ह्या शब्दात तर त्याहून अधिक काही आहे : माणूस येथेच राहतो, येथेच राबतो, तथापि येथील कशावरही त्याचा हक्क मानला जात नाही. लक्ष्मण माने ह्यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ असेच आहे. कैकाडी समाजातील लेखकाने आपल्या जगण्याला दिलेले हे नाव मराठी वाचकाच्या मनात इतके रुजले की, आज तो शब्द उच्चारताच त्यामागे एक सामाजिक इतिहास उभा राहतो.

शब्द तोच असला तरी भाषा बदलली की त्याची छटा बदलते. सत्यजित राय ह्यांच्या १९९१ मधील अखेरच्या चित्रपटाचे नाव ‘आगंतुक’. बंगालीत त्याचा अर्थ नवागत, अनोळखी माणूस असा काहीसा तटस्थ आहे. मराठी कानाला मात्र त्यात ‘नको असलेला’ हा भाव आधीच ऐकू येतो. पस्तीस वर्षांनी भाचीच्या घरी आलेला मामा खरा की तोतया, हा त्या चित्रपटातील पेच आहे. बंगाली प्रेक्षकापुढे हा पेच कथेतून हळूहळू उलगडतो. मराठी प्रेक्षकाच्या पुढे मात्र शीर्षकानेच संशयाची बाजू थोडी जड करून ठेवलेली असते. प्रतिक्रियेची सुरुवात अशी चित्रपटाच्याही आधी, शब्दापाशी होते.

२. ‘आपण’ आणि ‘आम्ही’

मराठीच्या व्याकरणात प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण जाऊ’ ह्यात ऐकणारा समाविष्ट आहे. ‘आम्ही जाऊ’ ह्यात तो वगळलेला आहे. गुजरातीत ‘आपणे’ व ‘अमे’ असा, तर तेलुगूत ‘मनं’ व ‘मेमु’ असा हाच भेद आढळतो, आणि मराठी-गुजरातीतील हा विशेष द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदीतील ‘हम’ किंवा बंगालीतील ‘आमरा’ ह्यांत तो नाही. (‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी व आत्मवाचकही असते, म्हणून प्रत्येक वेळी संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.)

ह्या भेदामुळे मराठी प्रेक्षकास एक अशी निवड करावी लागते की, जी हिंदी प्रेक्षकास करावी लागत नाही. एखादा कौटुंबिक चित्रपट पाहून कोणी म्हणतो, “आपल्याकडे असेच असते.” दुसरा म्हणतो, “आमच्याकडे असे नसते.” पहिल्याने समोरच्या माणसाला आपल्यात घेतले व चित्रपटातील दोषही दोघांत वाटून घेतला. दुसऱ्याने एका शब्दात दोन कुंपणे घातली : एक पडद्यावरील लोकांभोवती, व दुसरे ऐकणाऱ्याभोवती. तिसरा म्हणतो, “त्या लोकांत असे चालते.” येथे बोलणारा व ऐकणारा दोघेही सुरक्षित राहिले, आणि दोष सर्वस्वी तिसऱ्याच्या पदरी गेला. तीनही वाक्यांत चित्रपटाचे गुणदोष आलेले नाहीत. तरी त्यांतून प्रतिक्रियेचा गाभा कळतो.

३. घरातील परकी माणसे

यासुजिरो ओझू ह्यांच्या ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) ह्या जपानी चित्रपटात म्हातारे आईबाप मुलांना भेटावयास राजधानीत येतात. पोटच्या मुलांना त्यांच्यासाठी सवड नसते; युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको, तेवढी त्यांची मनापासून सेवा करते. रक्ताचे नाते नसलेल्या सुनेनेच आपल्यासाठी सर्वांत अधिक केले, हे सासऱ्याच्या तोंडून अखेरीस येते.

मराठी प्रेक्षकाची सहज प्रतिक्रिया “सून असावी तर अशी” ही आहे. ह्या वाक्याचा उलगडा आपल्याच बोलीत होतो. मुलीला माहेरी ‘परक्याचे धन’ म्हणतात, आणि सासरी तीच ‘परक्या घरची’ ठरते. म्हणजे आपल्या वाक्प्रचारांत स्त्रीला दोन्ही घरांत परकेपणाचेच विशेषण मिळते, आणि ते पुसण्याचे श्रम तिनेच करावयाचे असतात. नोरिकोने ते श्रम पूर्ण केले म्हणून ती आदर्श. परंतु “तिने आपले आयुष्य का म्हणून असे घालवावे?” ही दुसरी प्रतिक्रियाही तितकीच संभवनीय आहे. पहिले वाक्य सासऱ्याच्या जागेवरून उच्चारलेले आहे, दुसरे नोरिकोच्या. व्ही. शांताराम ह्यांच्या ‘कुंकू’ने (१९३७) मराठी प्रेक्षकापुढे हीच निवड ठेविली होती : म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या नात्याचे नाव स्वीकारावयास नकार देते. तेथे प्रेक्षकाला तिच्या बाजूस उभे राहणे भाग पडते, कारण नाते कोणते हे सांगणारे चिन्हच चित्रपटाचे शीर्षक झालेले आहे.

नाते नावाने सिद्ध होते की आचरणाने, हा प्रश्न हिरोकाझू कोरे-एडा ह्यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ (२०१८) मध्ये अधिक तीव्र होतो. चोऱ्यामाऱ्या करून जगणारे, परस्परांशी रक्ताचे नाते नसलेले काही लोक एका छपराखाली कुटुंब म्हणून राहतात. त्यातील मुलाने आपणास वडिलांच्या नावाने हाक मारावी ही ओसामूची इच्छा आहे. ती हाक मुलाच्या ओठांवर येते ती अखेरीस, बसमध्ये, ज्याला ऐकू जावयाची त्यालाच ऐकू न जाता. जपानीप्रमाणेच मराठीतही अनोळखी माणसास ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’ म्हणण्याची रीत आहे; परंतु ‘बाबा’ हे नाव आपण असे सैल हाताने वापरीत नाही. ही मर्यादा आमच्या भाषेतही असल्यामुळे त्या मुक्या हाकेचे मोल मराठी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. इंग्रजी उपशीर्षकांत नात्यांच्या हाकांचे असे बारकावे, आणि ‘तू’-‘तुम्ही’सारखे आदराचे भेद, बहुतेक गळून पडतात, प्रेक्षक ते चेहऱ्यावरून व आवाजावरून पुन्हा भरून घेतो.

४. गावातील उपरे

आता गावाकडे वळू. नागराज मंजुळे ह्यांच्या ‘फँड्री’ (२०१३) ह्या चित्रपटाचे शीर्षक कैकाडी भाषेतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांस चित्रपटगृहात शिरताना शीर्षकाचा अर्थ ठाऊक नव्हता, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी चित्रपटात मराठी प्रेक्षकच क्षणभर भाषेने उपरा ठरला. जब्याचे कुटुंब आपसांत एक भाषा बोलते व गावाशी दुसरी. गाव मात्र एकच भाषा बोलते, कारण दुसरी शिकण्याची गरज त्याला कधी पडलेली नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, दिशेने येतो. तोवर “ते गावकरी किती निर्दय” असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाचे ‘ते’ त्या क्षणी टिकत नाही. दगड ‘त्यांच्या’वर न पडता ‘आपल्या’वर पडतो.

‘सैराट’ची (२०१६) गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. गाण्यांवर चित्रपटगृहांत प्रेक्षक उठून नाचले, आणि शेवटच्या दृश्यानंतर तेच प्रेक्षक निःशब्द बाहेर पडले, असे वर्णन त्या काळी ठिकठिकाणांहून प्रसिद्ध झाले. ही शांतताही प्रतिक्रियाच होय. तथापि शांततेनंतर जे वाक्य येते ते तपासावे. “असे होते”, “शेवटी तसे घडले”, “जीव गेला” : ह्या वाक्यांत कर्ता नाही. “भावाने बहिणीला मारले” ह्या वाक्यात तो आहे. ‘घडणे’, ‘होणे’, ‘जाणे’ ह्या अकर्मक क्रियापदांची आपल्या भाषेत जी सोय आहे, तिच्यामुळे हत्येचे वर्णन अपघातासारखे करता येते. ज्याने कर्ता उच्चारला त्याने निवाडा केला. ज्याने गाळला त्याने तो टाळला. टाळण्यात नेहमी दुष्टावा असतो असे नाही. पुष्कळदा ते दुःखाचे किंवा भयाचे लक्षण असते. परंतु हा भेद नोंदविल्याशिवाय “प्रेक्षक हेलावले” ह्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही.

५. नंदुरबारचा प्रेक्षक

आतापर्यंत ‘मराठी प्रेक्षक’ हा शब्द आपण एकसंध अर्थाने वापरला. नंदुरबार जिल्ह्यात तो तसा वापरता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे साडेसोळा लाख असून तीपैकी जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिलीच्या निरनिराळ्या बोली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी, अहिराणी, गुजरी अशा भाषा येथील घरांत बोलल्या जातात. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०७ मधील एका भागात भिली व खानदेशी ह्यांचा एकत्र विचार केला होता. ह्या भाषा मराठी व गुजराती ह्यांच्या मध्ये कोठे उभ्या आहेत हा वाद तेव्हापासूनचा आहे. धडगाव किंवा अक्कलकुवा येथील विद्यार्थ्याची घरची भाषा एक, शाळेची मराठी, बाजारात गुजरातीची सरमिसळ, आणि चित्रपटाची बहुधा हिंदी. चित्रपटाविषयी त्याला विचारले जाते ते प्रमाण मराठीत.

उपरेपणाच्या कथेत हा प्रेक्षक कोठे उभा राहतो? दोन उदाहरणे घेऊ. प्रभातच्या ‘शेजारी’ (१९४१) मध्ये जिवबा पाटील व मिर्झा ह्या दोन शेजाऱ्यांच्या मैत्रीत फूट पाडणारा माणूस बाहेरून येतो, आणि तो येतो धरण बांधण्यासाठी. शहरी प्रेक्षकाने हा चित्रपट हिंदू-मुसलमान ऐक्याचा म्हणून पाहिला, व ते योग्यच आहे. परंतु सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे ह्याच जिल्ह्यातील आहेत. नर्मदाकाठच्या गावातून उठून तळोद्याच्या सपाटीवर वसलेल्या कुटुंबातील माणसाला त्या कथेतील धरण हे केवळ प्रतीक वाटण्याचे कारण नाही. बाहेरच्याने आणलेली योजना, वाटल्या गेलेल्या जमिनी, आणि त्यापायी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पडलेले अंतर, हाच त्याच्यापुरता चित्रपटाचा विषय होऊ शकतो. शिवाय नव्या वसाहतीत तो स्वतःच आजूबाजूच्या गावांच्या दृष्टीने ‘बाहेरचा’ ठरतो.

दुसरे उदाहरण ‘आगंतुक’चेच. त्यातील मामा आदिवासींमध्ये राहिलेला मानववंशशास्त्रज्ञ आहे, आणि शेवटाकडे संथाळांच्या नृत्यात शहरातील भाची सामील होते. शहरी प्रेक्षकास हा मनोमीलनाचा क्षण वाटतो. संथाळांच्या बोलण्यात मात्र बाहेरून आलेल्या बिगर-आदिवासीसाठी ‘दिकू’ असा शब्द आहे, व त्यात शोषणाची आठवण आहे. होळीला स्वतः रात्रभर नाचणारा सातपुड्यातील प्रेक्षक त्या दृश्यातील कोणाला ‘आपण’ म्हणेल? पाहुण्या भाचीला की नाचणाऱ्यांना? चित्रपटात संशयाने पाहिला जाणारा आगंतुक म्हणजे मामा; ह्या प्रेक्षकाच्या दृष्टीने कदाचित सारे दिवाणखान्यातील कुटुंबच आगंतुक असेल.

हे ‘कदाचित’ दूर करावयाचे तर त्यालाच विचारले पाहिजे, आणि येथेच खरी अडचण आहे. महाविद्यालयात चित्रपट दाखवून प्रमाण मराठीत चर्चा घेतली की ज्यांच्या घरी ती भाषा आहे तेच बोलतात. इतरांचे मौन ‘समजले नाही’ किंवा ‘रस नाही’ असे नोंदविले जाते. शहाद्याकडील भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांच्या ‘स्टेज’ ह्या कवितेचे सूत्रच असे आहे की, व्यासपीठावर बसलेले लोक समोरच्यांचे दुःख त्यांनाच ऐकवितात. उपऱ्यांवरील चित्रपटाची चर्चा अशाच रीतीने झाली, तर चित्रपटाने जे दाखविले तेच चर्चेने पुन्हा घडविले असे होईल.

६. अभ्यासाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून पद्धतीविषयी काही गोष्टी सुचतात. पहिली, “चित्रपट आवडला का?” ह्या प्रश्नाऐवजी “काय झाले ते सांगा” असे म्हणावे, कथा पुन्हा सांगताना कर्ता, सर्वनाम व नात्याची नावे आपोआप येतात. दुसरी, हे कथन घरच्या भाषेत प्रथम ध्वनिमुद्रित करावे व मगच त्याचे मराठीकरण व्हावे. तेही शक्यतो ती भाषा घरी बोलणाऱ्याच विद्यार्थ्याकडून. ज्या भाषेत ‘आपण’-‘आम्ही’ हा भेद कसा चालतो हे आपणास नीट माहीत नाही, त्या भाषेतील वाक्याचा मराठी अनुवाद करताना अनुवादकच प्रेक्षकाची बाजू ठरवून बसतो. तिसरी, मौनाची नोंद मौन म्हणूनच करावी, व ते कोणाच्या उपस्थितीत पाळले गेले हेही लिहावे.

उपरेपणा दाखविणाऱ्या चित्रपटाचे यश प्रेक्षकांच्या अश्रूंनी मोजण्याची आपणास सवय आहे. अश्रू ‘त्यांच्या’साठीही येतात, आणि आले तरी कुंपण जागच्या जागी राहते. चित्रपट पाहण्यापूर्वी ज्याला प्रेक्षक ‘ते’ म्हणत होता, त्याला तो नंतर ‘आपण’मध्ये घेतो की नाही, ही कसोटी अधिक खडतर आहे, आणि ती लावण्याचे साधन आपल्या भाषेने आपणास दिलेले आहे. ते प्रमाण मराठी बोलणाऱ्यांपुरते न ठेवता सातपुड्यातील बोलींपर्यंत नेणे, हे ह्या भागातील भाषाभ्यासाचे काम होय.