न पाहिलेल्या माणसासाठी एक कॉफी

इटलीतल्या नेपल्स शहरात एक जुनी रीत आहे. कॉफीच्या दुकानात आलेला माणूस एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देतो. दुसरी कॉफी असते मागून येणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या कुणासाठी तरी. तो येतो, ‘सोस्पेसो आहे का?’ असे विचारतो, असेल तर पितो आणि आपल्या वाटेने जातो. ‘काफे सोस्पेसो’ या नावाने ही रीत ओळखली जाते. 1860 साली सुरू झालेल्या तिथल्या ‘ग्रान काफे गाम्ब्रिनुस’मध्ये अशा कॉफीच्या पावत्या टाकायला प्रवेशद्वाराशी एक भलेमोठे कॉफीपात्रच ठेवलेले आहे. नेपल्सचे लेखक लुचानो दे क्रेशेन्झो यांनी 2008 साली आपल्या पुस्तकाला या रीतीचेच नाव दिले. पुढे ही रीत युरोपातल्या इतर देशांतही पोचली. एका पेल्याच्या या दानात असे काय आहे की दूरच्या शहरांनाही ते आपलेसे वाटावे? माझ्या मते त्याचे मोल कॉफीच्या किमतीत नाही, ती ज्या पद्धतीने दिली जाते त्यात आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, भेट कधीच फुकट नसते. घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे येते. ज्याला परतफेड शक्य नाही, तो देणाऱ्यापुढे कायमचा मिंधा होतो. मदत नाकारणारे अनेक गरजू या मिंधेपणालाच भीत असतात. सोस्पेसोने हा पेच साधेपणाने सोडवला. आपल्याकडच्या गुप्तदानात देणारा लपलेला असतो, पण घेणारा बहुधा दिसतोच. इथे देणाऱ्यालाही आपली कॉफी कोण प्यायला हे कळत नाही. त्यामुळे उपकार करणाऱ्याची ऐट उरत नाही आणि आभार मानण्याची सक्तीही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, भुकेल्याला भाकरी हवी, कॉफी कशाला? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. इटलीत एस्प्रेसो बहुतेक जण काउंटरशी उभ्याउभ्या, चार शब्द बोलत पितात. तिथे उभे राहता येणे म्हणजे शहराच्या रोजच्या जगण्यात आपली जागा असणे. गरिबीने पोटाआधी ही जागा हिरावली जाते. अन्नछत्र पोट भरते. पण तिथली रांग वेगळी असते आणि रांगेतला माणूस वेगळा दिसतो. सोस्पेसो पिणारा मात्र इतरांच्याच काउंटरशी, तसाच पेला हातात घेऊन उभा असतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: दुकानदाराने पैसे खिशात घातले किंवा एखाद्या सुखवस्तू माणसाने कॉफी मागितली तर? तसे होऊ शकते. पण ते रोखायला ओळखपत्र मागावे, उत्पन्नाचा दाखला तपासावा, तर ज्या लाजेपासून माणसाला वाचवायचे तीच दारात उभी राहील. एका कॉफीची लबाडी सोसणे हे दहा जणांच्या अपमानापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अशा दानाने मनाला समाधान मिळते आणि बेकारी, घरभाडे, पेन्शन हे खरे प्रश्न बाजूला पडतात. सोस्पेसोला धोरणाचा पर्याय मानले, तर हा आरोप मान्यच करावा लागेल. पण या रीतीची ताकद वेगळी आहे: अनोळखी माणसाचाही आपल्यावर हक्क आहे, ही सवय ती अंगी बाणवते. 2020 च्या टाळेबंदीत नेपल्समध्ये बाल्कन्यांतून दोरीने टोपल्या खाली सोडल्या गेल्या. ज्याला जमेल त्याने त्यात वस्तू ठेवावी, ज्याला गरज असेल त्याने घ्यावी, एवढाच नियम. इटलीत याच धर्तीवर किराणा आणि औषधेही आगाऊ पैसे भरून ठेवली गेली. कॉफीवर रुळलेली रीत संकटात जीवनावश्यक वस्तूंपर्यंत गेली. सरकारी योजना आखणाऱ्यांनीही यातून एक गोष्ट उचलावी: मदत किती दिली याचा हिशेब ठेवताना, ती घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली का, हेही तपासावे.