सातांपलीकडचा संघ : जव्हार-मोखाड्याच्या कॉलेज कबड्डीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. भाताची कापणी झाली की पाड्यापाड्यावर मैदानं आखली जातात आणि आश्रमशाळेतली पोरं तर बारा महिने खेळतात. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे इथल्या संघांची गाठ विद्यापीठाच्या मैदानावर मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांशी पडू शकते. तिकडच्या मुलांच्या पाठीशी क्लब, व्यायामशाळा आणि वर्षभराच्या स्थानिक स्पर्धा असतात.

हरून परतलेल्या संघाबद्दल गावात ठरावीक बोलणं होतं : एखादा भारी चढाईपटू हवा होता, नशीब आडवं आलं, पोरांना सवय नव्हती. आठवा, नववा, बारावा खेळाडू तयार होता का आणि त्याला तयार करणारं कुणी होतं का, हे मात्र फारसं विचारलं जात नाही. संघाची खोली (म्हणजे राखीव फळीची ताकद) आणि प्रशिक्षकाचं नेतृत्व या दोन गोष्टींबद्दलचे गैरसमज दूर झाले, तर इथल्या कॉलेजांचा खेळ नक्की वर येईल.

गैरसमज : संघ सात जणांचा असतो, बाकीचे पाच यादी भरण्यापुरते.

वस्तुस्थिती : कबड्डीचा संघ बारा जणांचा असतो. सात मैदानात, पाच राखीव. पंचांच्या परवानगीने टाइमआउटमध्ये किंवा मध्यंतरात बदल करता येतो आणि बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आतही घेता येतो. म्हणजे राखीव खेळाडू दुखापतीची वाट पाहत बसण्यासाठी नसतो. समोरच्या संघाचा डावरा चढाईपटू उजव्या कोपऱ्याला त्रास देत असेल तर तिथे वेगळ्या उंचीचा, वेगळ्या पकडीचा खेळाडू आणणं, किंवा दमलेल्या मध्यरक्षकाला थोडा वेळ बसवून शेवटच्या दहा मिनिटांसाठी ताजा ठेवणं, हा डावपेचाचाच भाग आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली घेता येत नाही. निलंबित झालेल्याच्या जागीही नाही, तिथे संघ एकाने कमीच राहतो. म्हणून बदल कधी करायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं. ऐन वेळी बाकाकडे पाहून "तू जा" म्हणण्याने ते साधत नाही.

खो-खोत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. संरक्षण करणारे नऊ जण तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. डाव नऊ मिनिटांचा धरला, तर प्रत्येक तुकडीच्या वाट्याला सरासरी तीन मिनिटं येतात. पहिली तुकडी कितीही चपळ असो, तिसरी तुकडी मिनिटभरात कापली गेली तर नऊही जण बाद होतात आणि त्याच क्रमाने पुन्हा पळावं लागतं. संघातले सर्वांत कच्चे तिघं किती टिकतात, यावर डावाचा हिशेब ठरतो.

गैरसमज : एक भारी चढाईपटू असला की सामना निघतो.

वस्तुस्थिती : खेळाचे नियमच याच्या विरोधात आहेत. पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन सत्रांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. चढाया आळीपाळीने होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण 40 चढाया येतात. यातल्या निम्म्या एकाच मुलाने केल्या, तर उत्तरार्धात त्याचे पाय जड होणारच.

त्याहून महत्त्वाचा नियम पुनरुज्जीवनाचा. बाद झालेला खेळाडू संघाने समोरचा गडी टिपल्यावरच आत येतो, आणि तोही बाद झालेल्या क्रमाने. बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. समजा तुमचा हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला. त्याला परत आणायला उरलेल्यांनी तीन गडी टिपायला हवेत. ते टिपणारा दुसरा आणि तिसरा चढाईपटू संघात नसेल, तर हुकमी खेळाडू कडेला बसून लोण चढताना पाहतो.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं. कर्णधार अस्लम इनामदार हा नावाजलेला चढाईपटू, पण त्या दिवशी पलटणकडून सर्वाधिक गुण पंकज मोहितेने घेतले आणि एकाच चढाईत चार गुण मिळवून सामना फिरवला. त्याच्या जोडीला मोहित गोयत होता. कुणा एकाला रोखून पलटण रोखली जात नव्हती. या संघाने 'युवा पलटण' नावाने तरुण खेळाडू घडवण्याची वेगळी व्यवस्था आधीपासून उभी केली होती, हेही विसरू नये.

गैरसमज : पहिल्या सातांचा सराव झाला की बाकीच्यांना आपोआप कळतं.

वस्तुस्थिती : पाहून खेळ समजतो, अंगात उतरत नाही. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने किती क्षणांत झेपावायचं, साखळी कुठे तुटू द्यायची नाही, हे रोजच्या जोडीनेच जमतं. राखीव खेळाडू सरावात फक्त समोरून चढाया करत राहिला, तर सामन्यात आत आल्यावर सातांची साखळी त्याच्याच जागी फुटते.

यावर साधा उपाय जागावार यादीचा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा खेळाडू ठरलेला असतो आणि दुसऱ्या फळीलाही सरावाचा ठरावीक वाटा मिळतो. तिथे पहिल्या श्रेणीच्या संघात 2025 पासून 105 खेळाडूंपर्यंत मुभा आहे. आपल्याकडे एवढी संख्या नको आणि तेवढा पैसाही नको. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही मध्यरक्षक आणि तीन चढाईपटू अशा सात जागांसमोर दोन-दोन नावं लिहिली, तरी चौदा जणांची यादी होते. आठवड्यातले निदान दोन दिवस पहिली आणि दुसरी फळी मिसळून खेळवली, की कुणाचं कुणाशी जमतं ते स्पर्धेच्या आधी समजतं. तीनच खेळाडू मैदानात उरले असताना पकड करून अव्वल पकडीचा जादा गुण घेणं हा वेगळा सराव आहे. तोही दोन्ही फळ्यांना हवा.

गैरसमज : आमची पोरं जात्याच काटक, त्यांना वेगळं प्रशिक्षण नको.

वस्तुस्थिती : हे कौतुकाने म्हटलं जातं, पण त्याने मुलांचं नुकसानच होतं. डोंगर चढण्याने दम वाढतो. पकड, पवित्रा आणि सामन्याचं भान त्याने येत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हे इथल्या प्रत्येक मुलामुलीला ठाऊक असलेलं नाव. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या पदकाची गोष्ट सांगताना डोंगरवाटा आठवतात, पण नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली वर्षानुवर्षं घेतलेला शिस्तबद्ध सराव मागे पडतो. पदकाच्या मुळाशी तो सरावच आहे.

काटकपणाच्या या समजुतीमुळे आहाराकडेही दुर्लक्ष होतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरातल्या बालमृत्यूंनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या राज्याला हादरवलं होतं. कुपोषणाचा तो प्रश्न पुरता संपलेला नाही, आणि कॉलेजात येणारी मुलं याच घरांतून येतात. नागलीची भाकरी उत्तमच, 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण रोज दीड तास झुंजणाऱ्या शरीराला डाळ, कडधान्य, अंडी, दूधही पुरेसं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांचं, विशेषतः मुलींचं, हिमोग्लोबिन ग्रामीण रुग्णालयात तपासून घेणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. रक्त कमी असलेल्या मुलीला "दम नाही" म्हणून संघाबाहेर काढणं हा तिच्यावर अन्याय होय.

गैरसमज : प्रशिक्षक म्हणजे नामवंत माजी खेळाडू आणि त्याचं काम सामन्याच्या दिवशी.

वस्तुस्थिती : 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी परक्या देशात जाऊन खेळाडूंशी बोलता यावं म्हणून फारसी शिकून घेतली, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला, आणि मुलींना विश्वास दिला. सामन्याच्या वेळात हे काही होत नाही. नाव फार मोठं नसलेला पण रोज मैदानावर येणारा, मुलांची भाषा शिकणारा प्रशिक्षक काय करू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

जव्हार-मोखाड्यात हे काम बहुतेक वेळा कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाकडे येतं. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, व्हॉलीबॉल, शिवाय प्रवेश आणि परीक्षांची कामं, असं सगळं एकाच माणसाच्या खांद्यावर. म्हणून त्याचं पहिलं कर्तव्य सहायक तयार करणं हे आहे. गावातले माजी खेळाडू, शेजारच्या आश्रमशाळेतले क्रीडाशिक्षक, शेवटच्या वर्षातले अनुभवी विद्यार्थी यांच्यात कामं वाटून द्यावीत. कुणी पकडी शिकवाव्यात, कुणी चढाया, कुणी नुसती गुणांची नोंद ठेवावी. आवड असलेल्या माजी खेळाडूला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला पाठवलं, तर त्याचा फायदा तालुक्याला पुढची वीस वर्षं होईल.

गैरसमज : सर्वांत चांगला खेळाडू तोच कर्णधार.

वस्तुस्थिती : कर्णधाराला मैदानात राहून बोलावं लागतं. चढाईपटू वारंवार बाद होतो, त्या वेळी कडेला बसून तो साखळी कशी हलवणार? कोपऱ्यात किंवा मधल्या फळीत खेळणारा शांत डोक्याचा खेळाडू अनेकदा चांगला कर्णधार ठरतो. शिवाय वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा वेगवेगळ्या घरांतून आणि पाड्यांतून आलेल्या मुलांना एकत्र बांधणं हेही त्याचंच काम. कर्णधार निवडताना गुणांच्या यादीबरोबर हेही पाहावं : तो चुकलेल्या सोबत्याशी कसं बोलतो, आणि राखीव मुलं त्याच्याजवळ बसतात का? उपकर्णधार मात्र खालच्या वर्गातलाच असावा, म्हणजे पुढच्या वर्षीचा नेता आजच तयार होऊ लागतो.

गैरसमज : कॉलेजचा संघ दर वर्षी नव्यानेच बांधावा लागतो.

वस्तुस्थिती : मुलं जातात हे खरं. तीन वर्षांच्या पदवीत दर वर्षी साधारण एक तृतीयांश मुलं बाहेर पडतात. इथे त्यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि कधी कधी कमावत्या वयाचा मुलगाही सोबत जातो. आवणाच्या वेळी सरावाला कुणी फिरकत नाही, आणि जून ते सप्टेंबरच्या धुवाधार पावसात मैदानाचा चिखल झालेला असतो.

पण हे सगळं दर वर्षी ठरल्या वेळी घडतं. म्हणजे त्याची तयारीही आधी करता येते. इथला शेतकरी उन्हाळ्यातच राब भाजून ठेवतो, म्हणून पाऊस पडताच रोप तयार मिळतं. संघाचा राब अकरावी-बारावीच्या वर्गांत आणि आश्रमशाळांत भाजावा लागतो. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तर, विभागस्तर आणि राज्यस्तर क्रीडा स्पर्धा दर वर्षी होतात. तिथे चमकलेल्या मुलांची नावं कॉलेजने टिपून ठेवावीत आणि त्यांना बारावीच्या आधीच सरावाला बोलवावं. पावसाळ्यात सभागृहात दंड-बैठका, पवित्रे आणि जोडीच्या पकडी होऊ शकतात. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मातीवर वाढलेल्या पायांना ती पकड वेगळी लागते. तेव्हा मोठ्या स्पर्धेआधी काही दिवस तरी मॅटवर सराव मिळावा यासाठी तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांनी मिळून एक संच घ्यावा.

आणि घरी बोलावं. मुलगा संघात राहिला तर काय मिळतं, हे पालकांना नीट सांगितलं तर बरेच ऐकतात. राज्य शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, मात्र त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. खोटी आशा दाखवू नये, पण खरी माहितीही लपवू नये.

गैरसमज : मुलींचा बारा जणींचा संघ इकडे उभाच राहत नाही.

वस्तुस्थिती : जानेवारी 2025मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. जव्हार-मोखाड्याच्या मुलींत वेग आणि जिद्द दोन्ही आहे. सराव अंधार पडण्याआधी संपावा, घरी पोचण्याची सोय असावी, वसतिगृहाच्या वेळा जुळवून घ्याव्यात, कपडे बदलायला बंद खोली असावी आणि सोबत एक बाई प्रशिक्षक किंवा शिक्षिका असावी. एवढं झालं की यादीतली नावं आपोआप वाढतात.

प्राचार्य, क्रीडाशिक्षक, माजी खेळाडू आणि पालक, सर्वांना विनंती आहे. या वर्षीचा संघ निवडाल तेव्हा पहिल्या सातांच्या नावांवर थांबू नका. त्याच कागदावर पुढच्या सातांची नावं लिहा, त्यांना कोण शिकवणार त्याचं नाव लिहा, आणि तो कागद वर्षभर नोटीस बोर्डावर राहू द्या.