वणवा विझवणाऱ्यांचा जीव, गावाचा श्वास

गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलकाठी पानगळ झाली की वन खात्याचा आगीचा हंगाम सुरू होतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून असा हा काळ धरतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या गोरेगाव, सडक अर्जुनी, साकोली या तालुक्यांतल्या गावांतून हंगामी मजूर लावले जातात. कुणी संरक्षण कुटीत राहतो, कुणी गावाजवळच्या कॅम्पवर. जाळरेषा साफ ठेवायच्या, मनोऱ्यावरून धूर पाहायचा आणि आग दिसली की हिरव्या फांद्या किंवा पाला उडवायचे ब्लोअर घेऊन धावायचे, हे त्यांचे काम. ही आपल्याच गावची पोरे असतात.

एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले. आणखी दोघे गंभीर भाजले. जाळ आटोक्यात आला असे वाटत असताना वारा फिरला, तर सुका पाचोळा पुन्हा पेट घेतो. अशा वेळी पायात चप्पल आणि अंगात टेरिकॉटचा शर्ट असलेल्या माणसाजवळ बचावाला काय असते? टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते, म्हणून आगीवर जाताना अंगभर सुती कपडे आणि पायात जाड बूट हवेत. जळून गेलेली काळी जमीन त्यातल्या त्यात सुरक्षित असते, हेही माहीत हवे. जाळ चढावर जोरात चढतो, त्याच्या वरच्या बाजूला कधी थांबू नये.

धूर मात्र कॅम्प आणि गाव असा भेद करत नाही. त्यातले बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तोंडाला ओला गमछा बांधला की धूर अडतो, असे आपल्याकडे सगळेच मानतात. गमछ्याने राख अडते, बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो, आणि तोही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही. धुरात डोके दुखले, गरगरले, मळमळले, तर तिथून लगेच बाहेर पडायचे.

भगिनींनो, गावात धूर उतरला की गरोदर बाई, तान्हे बाळ, दम्याचा आणि हृदयाचा रोगी यांना जंगलापासून दूरच्या घरात हलवा. दारे-खिडक्या लावा. त्या वेळी घरात चूल पेटवू नका, नाहीतर बाहेरच्या धुरात घरचा धूर मिसळतो.

कुणी भाजले तर आधी अंगठी, बांगडी, करदोडा काढा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तेल यातले काहीही लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ सुती कापड झाका आणि 108 ला फोन करा. आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळाले, थुंकीत काजळी आली, तर वरून जखम लहान दिसली तरी रुग्णाला घरी ठेवू नका. आतून श्वासनळी भाजलेली असू शकते.

एप्रिल-मेच्या उन्हात आगीजवळ राबणाऱ्याला उष्माघातही होतो. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखान्यात न्या. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

आता थोडे आपल्या घरातले. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला चांगली पालवी फुटते म्हणूनही आग लावतात. ती पसरली की विझवायला आपलाच मुलगा जातो. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुले मातीविना मिळतात आणि काडी ओढावी लागत नाही.

1927 च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम 79 नुसार जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यांनी आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. तसेच 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत वणवा विझवण्याचे काम नावानिशी आलेले होते. जखमी मजुराला आणि मृताच्या घरच्यांना मिळते ती भरपाई हक्काची असते, कुणाची मेहेरबानी नसते. पण मी पाहिले आहे, हजेरीपटावर नाव नसले की घरच्यांना कागदासाठी दारोदार फिरावे लागते. म्हणून कामावर जाताच रोज हजेरी लिहून घ्या आणि पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

जानेवारीच्या ग्रामसभेत हे विषय मांडा: प्रत्येक मजुराला बूट, सुती कपडे, मास्क; कॅम्पवर प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचे पाणी; हंगामाआधी फुप्फुसांची तपासणी; आणि रात्री भाजलेल्याला न्यायला ठरलेली गाडी. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन पोच घ्या. 15 फेब्रुवारी उजाडण्याआधी हे झाले पाहिजे.