हाडांची गोष्ट (लेखांक ६) : रॉड जोडत नाही, धरून ठेवतो

गेल्या आठवड्यात आपण प्लास्टरपाशी थांबलो होतो. नडगीचं हाड मोडून जागेवरच राहिलं असेल तर प्लास्टर पुरतं. पण मधोमध तिरकं तुटलेलं हाड प्लास्टरच्या आतही सरकतं, पाय आखूड होतो. मग डॉक्टर म्हणतात, “रॉड टाकावा लागेल.”

ऊसतोडीच्या दिवसांत रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. अशा धडकेत नडगी सहज सापडते. तिच्यावरून बोट फिरवून बघा : आतल्या अंगाला कातडीखाली लगेच हाडच लागतं, मध्ये स्नायूची गादी नाही.

हे हाड आतून पोकळ असतं, आणि रॉड बसतो तो त्या पोकळीत. जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंट्शर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडात अशी सळई घातली. पुढे तिला दोन्ही टोकांना आडवे स्क्रू आले आणि हाडाचे तुकडे सळईभोवती फिरणं, एकमेकांवर चढणं थांबलं.

ऑपरेशनमध्ये गुडघा दुमडून वाटीच्या खाली छोटा छेद घेतात. तिथून बारीक तार आत सोडतात आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत ती मोडलेल्या जागेतून पलीकडे नेतात. कातडी फाटलेली नसेल तर ती जागा सहसा उघडत नाहीत, कारण तिथं साकळलेल्या रक्तातूनच नवं हाड धरायला सुरुवात होते. मग येतो रीमर. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्याला तो समजावून सांगायला नको : ड्रिलनं पाडलेलं भोक रीमर फिरवून मापात आणतात. इथंही अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं पोकळी रुंद करत जातात. वर्कशॉपमध्ये पडलेला चुरा झाडून टाकतात. इथं हाडाचा चुरा मोडलेल्या जागी साचतो आणि सांधायला हातभार लावतो. मग साधारण ९-१० मिलिमीटर जाडीचा रॉड आत जातो.

पण रॉड हाड जोडत नाही, जुळेपर्यंत धरून ठेवतो. जोडण्याचं काम हाडाचंच, आणि त्याला बहुधा चार ते सहा महिने लागतात. तेवढ्यात जुळलं नाही, तर रोजचा भार सोसून सोसून स्क्रू किंवा रॉडच तुटतो. लोखंड थकतं, हे उद्यमनगराला कुणी शिकवायला नको. म्हणून हाड वेळेत जुळावं यासाठी डॉक्टरांनी सांगितला तेवढा भार पायावर टाकायचाच, आणि विडी-सिगारेट बंद, कारण धुरानं हाडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडतात. हाड रेंगाळलं, तर कधी एका टोकाचा स्क्रू काढतात, म्हणजे चालताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. हाड जुळल्यावरही मांडी घालताना किंवा गुडघे टेकताना वाटीपाशी दुखतं, ही तक्रार नेहमीची.

एक धोका मात्र तासांत ओळखावा लागतो. पोटरी दगडासारखी ताठली, बोटं नुसती वर उचलली तरी असह्य कळ आली, गोळीनं दुखणं हटेना, तर आतला दाब वाढून स्नायूंचं रक्त तुटत असतं. अशा पायावर बांबूच्या कांब्या आवळून बांधणं म्हणजे तो दाब आणखी वाढवणं. बांधलेलं सैल करा आणि कोल्हापूरचं सीपीआर किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठा.

हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर सगळा हिशोब बदलतो. तो पुढच्या आठवड्यात. तोवर एवढंच : जखमेत हळद भरू नका, हाड आत ढकलू नका, स्वच्छ कापडानं झाका.